बेकरीवाल्याचा हात

आमच्या ह्यांचा एक ठाम समज आहे. घड्याळ चुकेल, हवामान खातं चुकेल, मी तर चुकतेच, पण ह्यांचा हात चुकणार नाही. उभा जन्म बेकरीत गेला. तापलेला ट्रे भट्टीतून फडक्याशिवाय ओढायचा आणि कारागिरांकडे बघून मिशीत हसायचं, ही ह्यांची हौस. बेकरी विकून टाकली, पण हाताचा तोरा काही विकला गेला नाही.

तर आमच्या मुलीला मुलगी झाली. बाहेर अशी थंडी, की दोरीवरचे टॉवेल पुठ्ठ्यासारखे ताठ. ह्यांनी जाहीर केलं, "नातीला घरी मी आणणार. माझ्या गाडीतून!" ही गाडी मुलगी शाळेत जायची तेव्हाची. तिचा हीटर आवाज करतो मोठा आणि वारा सोडतो गार. जावयाच्या नव्या गाडीत म्हणे बसायच्या जागासुद्धा गरम होतात. मुलीने दवाखान्यातून फोनवर निकाल देऊन टाकला, "बाबा, उद्या सकाळी सोडताहेत. हीटर चालला तर तुमची गाडी, नाहीतर ह्याची."

झालं! हे टोपी चढवून गॅरेजात जाऊन बसले. मेकॅनिककडे जायचं नाव नाही, कारण मेकॅनिक नाडी बघत नाही म्हणे, नुसतं यंत्र लावतो. ह्यांची पद्धत वेगळी. इंजिन चालू करायचं, इंजिनातून गाडीच्या आत जाणारे दोन रबरी पाइप मुठीत धरायचे आणि डोळे मिटायचे. मला तर वाटलं, आता हे मंत्र म्हणणार.

"दोन्ही कोमट," डोळे उघडून म्हणाले. "इंजिनच तापत नाही. थर्मोस्टॅट गेला."

इंजिनाची ऊब राखणारा हा थर्मोस्टॅट मागच्याच आठवड्यात बदलला होता. तोही ह्याच निदानावर.

"अहो, पण काटा मधोमध आहे की," मी आत डोकावून म्हटलं. "इंजिन तापलंय, असंच सांगतोय ना तो?"

"काटा खोटा आहे."

"आणि तुम्ही खरे."

"हात खरा," हे म्हणाले आणि नवा थर्मोस्टॅटसुद्धा सदोष निघाला, असं ठरवून तो खोलायला पाना शोधू लागले.

पाना सापडेपर्यंत मला टॉर्च धरायचं काम मिळालं. मी वाकले, तोल सावरायला हात टेकला, तो नेमका पाइपावर. "आई गं!" टॉर्च खाली पडला.

"काय झालं?"

"भाजलं! कोमट कसला, पोळतोय नुसता!" मग घाबरत घाबरत दुसऱ्याला बोट लावलं. तो मात्र गार होता. "एक पोळतोय, एक गार आहे. तुम्ही धरलंत तरी काय मघाशी?"

ह्यांनी पुन्हा दोन्ही पाइप धरले. बराच वेळ धरून राहिले. मग हात सोडून तळवे उजेडात उलटेसुलटे करून बघितले. जाड, चकचकीत कातडी, त्यावर जुने डाग. उकळता चहा हे घटाघट कसे पितात म्हणून मी इतकी वर्षं चेष्टा करत आले. त्या क्षणी मला एकही चेष्टा सुचली नाही.

"मला दोन्ही सारखेच लागतात गं," हे हळूच म्हणाले.

पण माणूस खचून बसणारा नव्हे. "एक गरम आणि एक गार, म्हणजे पाणी आत जातंय, बाहेर येत नाही. हीटरचा आतला छोटा रेडिएटर तुंबलाय." इंजिन गार होऊ दिलं, दोन्ही पाइप काढले आणि बागेची नळी उलट्या बाजूने लावली. आधी नुसती गुरगुर. मग तांबडा, गंजका गाळ भसाभसा बाहेर आला आणि माझ्या चपलांचं वाटोळं झालं. पाणी स्वच्छ यायला लागल्यावर पाइप जोडले, कूलंट भरलं, गाडी चालू केली.

काटा मध्यावर आला. ह्यांनी हीटरच्या जाळीसमोर हात धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "कसं आहे?"

लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांनी एखाद्या गोष्टीत माझं मत विचारलं. मी काही ते वाया जाऊ देणार नव्हते. "मला काय विचारता? गाल लावा."

हे स्टिअरिंगवरून वाकले, गाल जाळीला टेकवला आणि डोळे मिटले. मिशी वाऱ्याने थरथरत होती. "आहे," म्हणाले. "आहे गं, गरम आहे!"

सकाळी दवाखान्याच्या दाराशी मुलगी आधी गाडीत डोकावली, जाळीपुढे हात धरला आणि म्हणाली, "बाबा, पास!" जावयाच्या नव्या गाडीत सामान बसलं, तेही गरम जागेवर. मग तिने दुपट्यातलं बाळ ह्यांच्यापुढे धरलं. "घ्या ना."

ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको. तू किंवा आई घ्या. तिला गार लागतंय की गरम होतंय, ते माझ्या हातांना कळायचं नाही."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी ह्यांचे हात ओढून पुढे आणले आणि बाळ त्यांत ठेवून दिलं. "धरायला हात आहेत. बघायला गाल आहे की! कालच शिकलात ना?"

ह्यांनी मान वाकवली आणि बाळाच्या गालाला गाल लावला. मागे जावयाने हॉर्न वाजवला, तरी मान वर होईना.

"कशी आहे?" मी विचारलं.

"थांब गं जरा," हे म्हणाले. "अजून बघतोय."