वखारीचं वळण

गाडी दुरुस्त झाली नसती, तर धाकट्या मिस्त्रीचं काही बिघडणार नव्हतं. उलट फायदाच होता. पुतणी इथेच राहिली असती. इंजिन नुसतं ऐकून दोष सांगणारा कान तिने बापाकडून उचलला होता, आणि गॅरेजवर निम्मी गिऱ्हाइकं त्या कानासाठी यायची. हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकांनी ते तोंडावर बोलू नये, एवढीच त्याची अपेक्षा.

सोमवारी तिला दूरच्या कारखान्यात रुजू व्हायचं होतं. जायचं तर बाबांच्याच मोटरसायकलवर, असं तिने ठरवलं होतं आणि आईने अट घातली होती : "गाडीला वखारीचं वळण एकदा ओलांडू दे, मग खुशाल जा. तोवर बाबांची परवानगी नाही असं समज."

दीड वर्षापूर्वी तिच्या बापाला, थोरल्या मिस्त्रीला, त्या वळणावर धाप लागली होती. त्याने गाडी कडेला घेतली, स्टँडवर लावली, चावी खिशात टाकली, लाकडाच्या वखारीच्या भिंतीला टेकला आणि तसाच गेला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. तेव्हापासून ती अंगणात उभी होती. आता पुतणीने ती बाहेर काढली, तर आधी चालूच होईना. झाली की वखारीपर्यंत नीट जायची आणि वळणावर दोनदा खोकून बंद पडायची. पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडावं, तर टाकीतून सुस्कारा यायचा. लांब, थकलेला. मग गाडी शहाण्यासारखी घरी परत यायची.

चालू न होण्याचं औषध धाकट्याने लगेच शोधलं. प्लग काजळीने काळा ठिक्कर पडला होता, तो बदलला. कार्बोरेटर खोलून जेटमध्ये बसलेला चिकट गाळ काढला. पंधरा किकांची गाडी एका किकेवर आली. वळणावर मात्र बंद पडायची ती पडलीच. त्याने कॉइल बदलली, वायरी तपासल्या, पेट्रोलचा नळ धुतला.

"काका, आता तूच तेवढा बदलायचा राहिलास," पुतणी म्हणाली.

"माझे पार्ट मिळत नाहीत बाजारात."

ती हसली, पण डोळे कॅलेंडरवर होते. गुरुवार होता.

शुक्रवारी दुपारी, ती जेवायला गेलेली पाहून, धाकट्याने गाडी काढली. टाकी शेजारच्या पंपावर काठोकाठ भरली. ती थोरल्याची शिस्त. टाकी भरल्याशिवाय या घरातलं कोणी उंबरठ्याबाहेर चाक काढत नसे. पण या खेपेला तो वखारीकडे वळलाच नाही. बरोबर उलट्या दिशेला गेला. तीन किलोमीटरवर गाडी दोनदा खोकली आणि न्हाव्याच्या दुकानासमोर बंद पडली.

धाकटा पाय टेकून बसून राहिला. वखारही घरापासून तीनच किलोमीटर. आणि न्हाव्याकडे थोरला कशाला थांबेल? त्याला टक्कल होतं.

त्याने झाकण उघडलं. सुस्कारा आला. भर उन्हात अंगावर काटा आला, तरी त्याने झाकण उलटं करून पाहिलं. झाकणात टाचणीएवढं भोक असतं. मिस्त्री लोक त्याला टाकीचा श्वास म्हणतात. पेट्रोल जेवढं खाली उतरेल तेवढी हवा तिथून आत यावी लागते. श्वास कोंडला की पेट्रोल उतरत नाही, इंजिन उपाशी मरतं. रोज टाकी सारखीच भरायची, म्हणून रोज अंतरही तेवढंच. भोकात पांढरं मेण दाबून बसलं होतं. पॉलिशचं मेण. दीड वर्ष रोज सकाळी अंगणात बसून गाडी पुसणारे हात घरात एकाच माणसाचे होते.

तारेने टोचलं की काम संपलं. धाकट्याने झाकण जसंच्या तसं लावलं आणि परत आला. "नाही सापडलं," तो पुतणीला म्हणाला. तिने पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं, आणि तेच त्याला जड गेलं.

शनिवारी वहिनी स्वतः गॅरेजवर आल्या. "भाऊजी, मला वखारीपर्यंत न्या."

वळणावर गाडी खोकली, थांबली. वहिनी उतरल्या आणि त्यांनीच झाकण उघडलं, सवयीच्या हाताने. सुस्काऱ्यावर कान धरला.

"ऐकलंत? दमलेत." त्या हसल्या. मग टाकीशी बोलू लागल्या : न्हाणीघराचा नळ गळतोय, पोरगी रात्री नीट जेवली नाही, चष्म्याची काडी मोडली. धाकट्याने मान वळवली. वखारीच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाची पाठ टेकेल एवढ्याच उंचीवर, चुना गुळगुळीत झाला होता. एकदाच टेकलेल्या पाठीने भिंत अशी झिजत नाही. वहिनी इथे चालत येत असतील, नाहीतर... पुढचा विचार त्याने केला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "हा टाकीचा श्वास आहे."

"तेच म्हणतेय मी."

"तसं नाही हो. झाकणात भोक असतं. ते बुजलंय. मेणाने." थोडं थांबून तो म्हणाला, "पॉलिशच्या."

वहिनींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"मोकळं केलं, तर इथे थांबणार नाही?"

"नाही."

"आणि हा आवाज?"

"तोही नाही."

वखारीतली करवत थांबली, पुन्हा सुरू झाली. वहिनींनी केसातली पिन काढली, भोकात घातली आणि मेण टोकरून काढलं. शेवटचा कण त्यांनी फुंकरीने उडवला. झाकण लावून त्या मागे बसल्या. धाकट्याने किक मारली. वळण आलं आणि गेलं. गाडी एकदम हलकी वाटली, कोणीतरी उतरल्यासारखी, आणि वहिनींचे हात तर त्याच्या खांद्यावर होते.

"मागे बघू नका, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि पोरीला यातलं काही सांगू नका. बाबांनी जाऊ दिलं, असंच वाटू दे तिला."

सोमवारी पुतणी निघाली. हेल्मेट घालता घालता म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या हातातलं नव्हतंच ते. बाबांनीच सोडलं." शेजारच्या दोन गिऱ्हाइकांनी ते ऐकलं आणि माना डोलावल्या. दिवस मावळायच्या आत ते सगळ्या रस्त्याला माहीत झालं.

तेव्हा पुतणीला रस्ता मिळाला, वर बापाचा आशीर्वाद. धाकट्याने पुतणी गमावली आणि मिस्त्री म्हणून असलेलं नावही. पण हे सगळं किरकोळ. खरी किंमत मोजली ती वहिनींनी, आणि नवरा त्यांना दुसऱ्यांदा गेला हे कळलेला माणूस एकच होता. तोही बोलायला बंदी असलेला.