माझ्या पाठीचं धुराडं

मी एक रॉकेलचा फ्रिज. किहीमला वीज नव्हती तेव्हा पोटाखाली दिवा जाळून मी पोटात बर्फ करायचो. ऐकून लोक हसतात. हसू देत. मी केलंय.

नारळीच्या वाडीतल्या बंगल्यात मी साहेबाचा होतो. देश स्वतंत्र झाला तेव्हा साहेब आपल्या मुलखाला गेला आणि मला त्याच्या माळ्याला, दयारामला, देऊन गेला. दयारामच्या घरी गार ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. त्याची बायको मनुबाई हिनं माझ्यात तांदूळ भरला. उंदीर शिरत नाही म्हणून माझं कौतुक व्हायचं. ते मनाला लागायचं. पण दार घट्ट लावून बसलो. खाऱ्या वाऱ्यानं अंगावरचा पांढरा रंग पोपडे होऊन गळला.

मग एका उन्हाळ्यात त्यांची मुलगी ठमी वाळत चालली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, तरी घसा कोरडाच. मुंबईच्या डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. रोज सुई. आणि बजावलं, ‘औषध गार ठेवा. उन्हानं नासलं तर पोर हाती लागायची नाही.’

मनुबाई सुई टोचायला शिकून आली. औषधाच्या बाटल्या मासळीच्या बर्फात, भुशात गुंडाळून आल्या. बर्फाची लाँच पुन्हा कधी येईल, कोणी सांगू शकत नव्हतं.

तांदूळ उपसून मला अंगणात काढलं. मनुबाईचा भाऊ हिरामण मासेमारीचे मचवे रंगवायचा, स्टोव्हही दुरुस्त करायचा. त्यानं गंज खरवडला, नवी वात घातली, दाराला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली. मग मचव्याचा उरलेला निळा रंग चढवला. जिथं फट दिसली, भोक दिसलं, तिथं कापूस आणि राळ ठासून भरली.

“आता थेंब आत शिरायचा न्हाय,” तो म्हणाला.

“याला काय समुद्रात सोडायचाय?” दयाराम गुरगुरला.

“तुमी नारळ मोजा, भावोजी. ह्ये माझं काम हाय.”

रंग वाळल्यावर सकाळीच दिवा लावला. ज्योत आधी निळी होती. मग पिवळी झाली, मग लाल, मग काजळी धरू लागली. माझा श्वास कोंडला. पाठीवरच्या ज्या भोकातून धूर जायचा, तेच हिरामणनं बुजवलं होतं. मला ओरडता येत नव्हतं.

ऊन चढलं. मनुबाईनं माझ्यात हात घातला. गरम. भुशात हात घातला. नुसतं पाणी, वर बर्फाची एक कपची.

“आये, मी मरनार काय?” ठमीनं ओटीवरून विचारलं.

“गप. काय पन बोलतेस.”

दयारामनं हिरामणची कॉलर धरली. मनुबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती खाली वाकून काजळी बघत होती.

“दादा, धूर कुठनं जातो रं याचा?”

“जातो म्हंजे? भोक ठेवलं तर बुडंल ना!”

“मेल्या, ही होडी न्हाय, चूल हाय! चुलीला धुराडं नको?”

तिनं कोयती घेतली आणि माझ्या पाठीवर चालवली. रंग गेला, राळ गेली, पत्रा सोलवटला. धूर भसकन बाहेर पडला. ज्योत निळी झाली.

माझ्यासारख्याला गार व्हायला वेळ लागतो. ती कपचीही विरघळली. मनुबाई बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळून वारा घालत राहिली. दिवेलागणीला तिनं पुन्हा आत हात घातला आणि तो तसाच ठमीच्या गालाला लावला.

“अगं आये, केवढा गार!” पोर ओरडली.

ठमी आज लहान पोर राहिलेली नाही. माझ्यापेक्षा उंच झालीय. गावात विजेचे खांब आलेत. दवाखान्यात विजेचा फ्रिज आलाय, तिच्या बाटल्या तिकडे असतात. माझ्यात पुन्हा तांदूळ आहे. उद्या हिरामण नवा रंग घेऊन येणार आहे. त्याला आता कमी दिसतं.

रंग दे, बाबा. निळाच दे. पण पाठीवरचं भोक उघडं ठेव. वीज अधूनमधून जाते, असं ऐकतो.