बाकावरचं ताट

पेला इतका लहान, की तिच्या अंगठ्याचं टोकही आत जात नव्हतं. काडीला चिंधी गुंडाळून ती आतून फिरवायची आणि मग पेला खिडकीकडं धरून पाहायचं — तळाशी मागच्या खेपेच्या रसाचा जांभळट वेढा राहिलाय का. याच्या तळाशी होता. बयाबाईनं पुन्हा काडी फिरवली, वेढा गेला, काच लख्ख झाली, तरी ती फिरवतच राहिली... उद्याच्या प्रभुभोजनाचे पेले, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीचे. जुन्नरच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीत ते घासायचं आणि रस काढायचं काम तिचंच; नर्सची नोकरी होती तेव्हाही, आणि आता संपली तरीही.

गॅसवर काळी द्राक्षं उकळत होती. नारायणगावाकडच्या एका मळेवाल्याची बायको दर हंगामात पाटी पाठवते. तिचं पहिलं बाळंतपण बयाबाईच्या हातचं. ती माळकरी घरातली, ही द्राक्षं कशाला लागतात ते तिला नीट ठाऊक नाही, “तुमच्या द्येवाच्या पाण्याला घ्या,” म्हणते. पाणी! एरवी बयाबाईला हसू यायचं. आज आलं नाही, कारण मोरीजवळ सावळारामनं ठेवलेला अर्धा कप चहा अजून तसाच होता.

सावळाराम मंडळीचा ‘वडील’, म्हणजे निवडून दिलेला कारभारी. पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, महिन्यातून एकदा येतात, एरवी देऊळ तोच सांभाळतो. (चर्चला इथली जुनी माणसं देऊळच म्हणतात.)

“बाई, तुमी शाहन्या,” तो म्हणाला होता. “लेकीला सांगा, उद्या नेहमीवानी मागच्या बाकावर बस. पुढं येऊन बसली तर तुमच्या नातीचं, प्राचीचं दृढीकरण थांबवावं लागंल, तिला पयला पेलाबी मिळायचा न्हाई. पाळकसायबांचा निरोप हाये.”

“तिनं केलंय काय, सावळाराम?”

“नवऱ्याचं घर सोडलं. मंडळीपुढं येऊन माफी मागितली आसती, तर कवाच मिटलं व्हतं. मला का बरं वाटतंय व्हय? मी काय परका हाये?”

परका नव्हता, हेच तर. लेकीच्या, निर्मलाच्या लग्नात मांडवाचे खांब यानंच रोवले होते.

आणि त्या लग्नातून निर्मला परत आली तेव्हा कडेवर प्राची होती, आणि उजवा हात वर उचलता येत नव्हता. आईनं काही विचारलं नाही; नर्सच्या हातांनी चाचपलं, पट्टी बांधली. मंडळी म्हणाली, परत जा. निर्मला गेली नाही. मग तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवलं गेलं — म्हणजे उपासनेला ये, गा, प्रार्थना कर, पण भाकर आणि पेला नाही. तेव्हापासून ती आली की शेवटच्या बाकावर एकटी बसते, ताट तिथवर येतच नाही. जावई पुण्यात. तिथल्या मंडळीत तो दर महिन्याला पेला घेतो. त्यानं घर सोडलेलं नाही ना!

द्राक्षं फुटायला लागली. तिनं पळीनं दाबली...

तिला आठवत गेलं — माझ्या हातात शाळेची पाटी आली ती याच देवळातून. आई घाटघरच्या वाटेनं गवताचा भारा घेऊन उतरायची. मिशनच्या मडमबाईंनी तिला अडवून विचारलं होतं, ही पोर शाळेत का नाही? भारा डोक्यावर तसाच, आणि आई उत्तर शोधत उभी. त्या दिवसापासून माझं सगळंच बदललं. पांढरा गणवेश, स्वतःचा पगार, नवरा गेल्यावरही कुणापुढं हात न पसरता काढलेली वर्षं — कुणी दिलं हे? मडमबाई स्वतः बिनलग्नाच्या, सायकलवरून गावोगाव एकट्या हिंडायच्या, पुरुषांना दटावायच्या. पण रविवारी देवळात त्याही बायकांच्या बाजूला बसायच्या, डोक्यावर पदर नाही म्हणून टोपी घालून, आणि पुढं उभं राहून बोलायला कधी जायच्या नाहीत. मी लहान होते. मला वाटायचं, त्यांना पाठ झालेलं नसेल.

तिनं रस जुन्या मलमलीतून गाळायला घेतला. बोटं जांभळी झाली.

दिवेलागणीच्या आधी घोडेगावची एसटी आली, तीतून निर्मला आणि प्राची आल्या. निर्मला तिकडं बायकांच्या संस्थेत काम करते. मारहाण झालेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसणं, हे तिचं रोजचं.

“कोपऱ्यावरच वास आला,” प्राची चपला काढत म्हणाली. “आजीची दारूभट्टी सुरू झाली म्हटलं!”

“दारू नाही गं बाई, रस! आंबायच्या आत उकळते मी तो.”

“वर्गात सगळ्या तेच विचारतात. चर्चमध्ये दारू देतात का गं?”

“सांग त्यांना, देतात, पण माझ्या आईला नाही,” निर्मला म्हणाली आणि हसली. मग तिची नजर मोरीकडं गेली. “सावळारामकाका येऊन गेले वाटतं. वाईट निरोप असला की ते चहा अर्धाच पितात.”

बयाबाईनं निरोप सांगितला. सांगताना तिला जाणवलं की आपण तो सावळारामच्याच आवाजात सांगतोय, खाली बघत.

“एक दिवस मागं बस गं. पोरीचं होऊन जाऊ दे.”

“नाही, आई. मी तुमच्या दोघींच्या मध्ये बसणार.”

“तिचं अडेल.”

“अडू दे,” प्राची म्हणाली. “आईला नाही तर मलाही नको.”

“तू गप. तू घ्यायचं.” निर्मलाचा आवाज चढला. “तुझा हक्क आहे तो.”

“आणि तुझा?”

निर्मलानं पिशवी खाली ठेवली. गाळणीतून थेंब पडत होते.

“संस्थेतल्या मैत्रिणी म्हणतात, निर्मला, बाईला मागं बसवणाऱ्या देवळात अजून कशाला जातेस? देवळातले म्हणतात, त्या बायांचा नाद सोड. दोन्हीकडं एकच — काहीतरी एक सोड. पण आई, त्या दिवशी मी नवऱ्याच्या घरात गुडघ्यांवर होते. प्रार्थना करत होते, याला सुधार म्हणून. आणि एकदम वाटलं, ऊठ. उठले, पोरीला घेतलं, निघाले. संस्था तेव्हा मला ठाऊकसुद्धा नव्हती. मग ऊठ म्हणालं कोण? आणि ज्यानं उठवलं त्याच्याच घरात मी माफी मागू, उठल्याची?”

या प्रश्नावर देवळात कधी प्रवचन झालं नव्हतं.

“तुला काही करायचं नाहीये,” निर्मला हळू म्हणाली. “फक्त ताट माझ्याकडं दे. नेहमी देतेस शेजारणीला, तसं.”

फक्त... पुरुषांच्या बाजूला सावळाराम ताट घेऊन एकेकापुढं जातो. बायकांच्या बाकांत तो शिरत नाही, त्यांच्या गुडघ्यांना धक्का नको म्हणून. तो टोकाच्या बाईच्या हातात ताट देतो आणि तिथून ते बायकाच पुढं सरकवतात, एकीकडून दुसरीकडं. टोकाला बसते बयाबाई. उद्या ताट तिच्या हातात येईल. शेजारी डावीकडं निर्मला. तिच्या पलीकडं प्राची. पाळकसाहेब समोरून बघत असतील. ताट लेकीपुढं थांबवायचं, की तिच्यावरून हात लांबवून नातीला द्यायचं... थांबवलं तर नातीचं अडेल, आणि लांबवलं तर —

निर्मला आणि प्राची पाय धुवायला मागच्या दारी गेल्या. तिनं भोकं पाडलेलं लाकडी ताट ओट्यावर ठेवलं, पेले एकेक करून बसवले, उद्याचं वजन कळावं म्हणून त्यांत पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी ताट उचललं. इतकी बाळं उचललेले हे हात. पेले भोकांत हलून किणकिणले. सावळाराम ताट घेऊन चालतो ते तिला बसल्या जागेवरून दिसायचं, आणि तिला नेहमी वाटत आलेलं, की ताट त्याच्याच हातात असतं. तिनं ते डावीकडं वळवलं. डावीकडं नुसती भिंत होती, तरी ती तिथंच थांबली.

काय करू, असं देवाला विचारायला तिनं डोळे मिटले. आयुष्यभर तिनं हेच विचारलं होतं, डोक्यावर पदर घेऊन, आणि कुणीतरी पुरुष माणूस दारात येऊन उत्तर देऊन गेला होता. आज दोन्ही हात ताटाला गुंतलेले, पदर खांद्यावर, आणि तोंडात ते शब्द येईनात. दुसरंच काहीतरी आलं, जरा रागानंच, घरातल्या माणसाला विचारावं तसं —

उद्या तू कुठल्या बाकावर बसणार आहेस?

मागच्या दारी पाण्याचा आवाज थांबला. ती ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली, डावीकडं वळलेली.