वानेसची तिसरी बिअर

ब्रसेल्सबाहेरच्या आमच्या गावात बिअर आंबट लागते आणि तिला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. तो नसेल तर आम्ही तिला बिअर म्हणतच नाही. जर्मनीत बिअर करायला शिकून आलेल्या वानेसने गावात नवी भट्टी घातली आणि तीन बिअर चाखून गुण द्यायला मला आणि शेजारच्या लिओंटीनबाईंना बोलावलं.

पहिल्या दोन स्वच्छ, गोडसर निघाल्या. मी दहापैकी दोन-दोन गुण दिले. "हे काय, आजाऱ्याला पाजायचंय का रे?"

तिसरीचा घोट घेतला मात्र, आणि मी लगेच दुसरा घेतला. आंबट, उग्र, थेट तबेला! आम्ही दोघांनीही दहापैकी दहा दिले.

वानेसने ग्लास हुंगला आणि त्याचा चेहरा पडला. "अहो काका, ही बिघडलेल्या पिंपातली आहे! ओतून द्यायची होती, चुकून आणली."

"मग त्या दोन कोणत्या पिंपातल्या?" मी खेकसलो.

"चांगल्या!"

तो गोंधळून तिन्ही ग्लास पुन्हा पुन्हा हुंगत बसला. मीही हुंगले. आता चांगली कोणती आणि बिघडलेली कोणती, मलाही कळेना.

लिओंटीनबाईंनी रिकामा ग्लास पुढे केला. "वानेस, पुढच्या वेळी अशीच कर हं."

"करतो हो बाई," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण ही बिघडली कशी, तेच मला कळत नाहीये!"