काळं चित्र

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. काच तडकलेली, पाठीला चिकटपट्टी. कारखान्यातून निघालो तेव्हा आरशासारखा होतो. घरात आलो तेव्हा मला पुसायला वेगळं मऊ फडकं होतं. आता यजमान मला 'डबडं' म्हणतात, आणि त्यांची बायको, म्हणजे शिवणवाल्या ताई, मला वापरतात. गिऱ्हाइकांची मापं, कापडांचे फोटो, सगळं मीच सांभाळतो. डबडं म्हटल्याचं मला काही नाही. मला भीती वाटते ती गल्लीच्या ग्रुपची.

ताईंची आई वारली. ताईंनी नावाशेजारचा आपला फोटो काढून नुसतं काळं चित्र लावलं. त्याच आठवड्यात निवडणुकीचा निकाल लागला. दुपारपर्यंत ग्रुपमधले सगळे चेहरे जिंकलेल्यांच्या रंगाचे झाले. काळं एकट्या ताईंचं.

"शिवणवाल्या ताईंचं तोंड काळं पडलं की काय?" किराणावाल्याने लिहिलं. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली.

ताईंनी लिहिलं, "आई गेली हो माझी."

"आज हरलेल्यांच्या घरोघरी कोणी ना कोणी गेलंयच!" किराणावाल्याचं उत्तर आलं.

मागच्या खेपेला दुसरा रंग जिंकला, तेव्हा याच किराणावाल्याची अशीच टिंगल झाली होती. शहाणपण शिकला नाही, टिंगल तेवढी शिकला.

मग कुणीतरी ताईंच्या दुकानाचा फोटो टाकला. "हेच ना ते?" यावर मात्र कुणी हसलं नाही. ताईंनी मला यजमानांपुढे धरलं.

यजमान म्हणाले, "लाव तो रंग. कशाला विषाची परीक्षा?"

"अहो, आईला जाऊन आठवडासुद्धा नाही झाला."

"आई गेली. आपल्याला इथंच राहायचंय."

ताईंनी रंग लावला. "आता कशा आमच्यातल्या झालात!" म्हणत किराणावाल्याने लाल बदाम पाठवले.

तेवढ्यात गावाहून भावाचा मेसेज आला. "ताई, आईचं दुःख एवढ्यात संपलं? जल्लोष करतेस?" ताईंनी उत्तर लिहीपर्यंत त्याने त्यांना ब्लॉक केलं. त्याचा फोटो माझ्यावरून नाहीसा झाला. ताई अजून त्याला फोन लावतात, तो लागत नाही. रंग काढायचा मात्र त्यांना धीर होत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. काच नवी बसवून मिळते. तुम्ही जिंका, हरा, हवा तो रंग लावा. पण कुणाचं चित्र काळं दिसलं तर ग्रुपवर दात काढू नका. उठा, त्यांच्या दारात जा, विचारा. आणि समोरचं माणूस रडत असेल, तर ते कोणत्या रंगाचं आहे हे बघू नका.