सोनूबाईंचे गुडघे

निकेतसाठी मुलगी बघायची होती, पण मुलगीच म्हणाली, कांदेपोहे नकोत, कनकेश्वरचा डोंगर चढू या. हे खूळ तिच्या डोक्यात भरलं होतं निकेतनंच. तीन महिने फोनवर तो प्राप्तीला सांगत होता, रविवार उजाडला की मला डोंगरच दिसतो. दिसायचा हे खरं, गाडीच्या काचेतून. जिथवर डांबर तिथवर निकेत चढायचा, बॉनेटला टेकून फोटो काढायचा आणि परत.

तर जानेवारीत दोन्ही घरं दोन दिवस नागावला सुट्टीला आली. सकाळी मापगावला, पायथ्याशी, दोघे बाप चहाच्या टपरीवर डंपरच्या टायरांविषयी बोलत बसले. वर निघाले तिघं: निकेत, प्राप्ती आणि मुलगी पारखायला निकेतची आई सोनूबाई. पोरगी स्वतःची पिशवी स्वतः उचलते, एक गुण. पाणी आधी दुसऱ्याला विचारते, दुसरा. हसते मोठ्यानं, अर्धा वजा. पण हसू चांगलं, म्हणून परत जमा.

निकेतच्या अंगावर हिमालयाला पुरेल एवढं सामान होतं. हातात दोन काठ्या, पाठीवर नळीनं पाणी प्यायची पिशवी. शंभराव्या पायरीला त्याला समुद्राचा व्हिडिओ काढायचा होता. दीडशेव्या पायरीला बुटाची नाडी सुटली. एकशेऐंशीला दुसऱ्या बुटाची. दोनशेला त्यानं कारण शोधायचंही सोडलं आणि हळूच आईच्या कानाशी लागला.

"मम्मी, तुझे गुडघे दुखतात ना?"

"माझे? कधी रं?"

"अगं, आत्ता! तू बोल दुखतात. मी बोलतो, मम्मीला सोडून कसा जाऊ. इज्जत का सवाल है."

वीस वर्षं मिठागरात डोक्यावर पाट्या वाहिलेल्या बाईचे गुडघे ते. पण पोरगा एकतिशीला आला होता आणि हे तिसरं स्थळ होतं. सोनूबाई "आई गं" करत पायरीवर बसल्या. विव्हळणं जरा जास्तच झालं.

प्राप्ती धावत खाली आली. "काकू, मी बसते तुमच्याजवळ. निकेत, तू कशाला अडकतोस? जा, दर्शन घेऊन ये. तुला काय, अर्ध्या तासाचं काम."

निकेतनं आईकडे पाहिलं. सोनूबाईंना आणखी विव्हळण्यापलीकडे काही सुचेना. तो वळणाआड गेला. काठ्यांची टकटक तेवढी ऐकू येत राहिली, आणि तीही फार लवकर थांबली.

प्राप्ती त्यांचे गुडघे चेपायला लागली. सोनूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वीसेक मिनिटांनी तिचा फोन वाजला. "पोचलो! मन एकदम शांत." सोबत देवळाचा फोटो. सोनूबाईंनी वाकून पाहिलं. फोटोत दगडांवर हिरवंगार शेवाळ होतं आणि पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. इथं दोघींच्या भोवती मात्र डोंगरावरचं गवत वाळून पार पिवळं पडलेलं.

"छान आलाय," प्राप्ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा गुडघे चेपू लागली.

वर पाऊस झाला असंल, हे सोनूबाईंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं आणि ताडकन उठल्या. "चल पोरी. गुडघ्यांना काय बी झालेलं न्हाय."

वळणापलीकडे, जेमतेम तीस पायऱ्यांवर, निकेत सरबतवालीच्या बाकड्यावर पाय पसरून बसला होता. मोजे काठ्यांवर वाळत होते.

"मम्मी! तू... चालतेस?"

"बस तिथंच. देवाला सांगते, तू फोटोत येऊन गेलास म्हनून."

पुढच्या पाचशे पायऱ्यांत सोनूबाई एकदाही बसल्या नाहीत, उलट दोनदा प्राप्तीसाठी थांबल्या. दर्शन झालं. देवळाबाहेर सावलीत दोघी पेरू खात बसल्या.

"पोरगा मनानं वाईट न्हाय गं," सोनूबाई म्हणाल्या.

प्राप्तीनं थोडा विचार केला. "काकू, तुमच्या घरी यायला मला खरंच आवडेल. पण त्यासाठी लग्न त्याच्याशीच करावं लागेल ना?"

पोराच्या गुणांची यादी सोनूबाईंना तोंडपाठ असायची. मागच्या दोन स्थळांना त्यांनी ती न अडखळता म्हणून दाखवली होती. आज पहिल्याच गुणाला गाडी अडली.

"उतरताना बोलू," त्या म्हणाल्या, आणि मुलीचा हात धरून जमेल तेवढ्या सावकाश पायऱ्या उतरायला लागल्या.