आभाराचं पान

होळी गावाच्या नाक्यावरचं सेवा केंद्र चालवणारा भूपेश आधी माणसं वाचायचा, अर्ज मागाहून. दारात चपला काढणारा पहिल्यांदाच आलेला. न काढता आत घुसणारा कोणाच्या तरी ओळखीचा. आणि आल्या आल्या "बरा आहेस ना रे बाबा" म्हणणारा हमखास कागद घरी विसरलेला. मनातल्या मनात तो प्रत्येकाच्या नावे जमा-खर्च मांडायचा. सुमेधाच्या नावे मात्र त्याने सगळं जमेलाच धरलं होतं. हिशेब तिथेच चुकला.

सुमेधा नायगावच्या टॉवरमध्ये राहणारी, पीएचडी करणारी. सरकारी कामं ऑनलाइन झाली, ती माणसांपर्यंत पोचतात कशी, हा तिचा विषय. भाजीचा अख्खा हंगाम ती केंद्रातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. सगळं तिच्या डोळ्यांदेखत चालायचं. जिजाकाकू वाडीतून थेट यायची, हाताला माती तशीच. तिच्याकडे फोन नाही. मुलाकडे आहे, पण तो उचलत नाही. मग अर्जात नंबर कोणाचा? भूपेशचा. ओटीपी कोणाला? भूपेशला. अर्ध्या गावाचे ओटीपी त्याच्याच खिशात वाजायचे. हे नियमात बसत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पण जिजाकाकूच नियमात बसत नव्हती, त्याला तो काय करणार?

"खरं काय ते सांगा, दादा. अभ्यासात तुमचं नाव कुठेही येणार नाही," सुमेधा म्हणाली होती.

"अहो मॅडम, येऊ द्या की एखाद्या कोपऱ्यात! आईला दाखवायला होईल," असं म्हणत त्याने सगळं सांगून टाकलं. वर जिजाकाकूने तिला अळूवड्यांचा डबा बांधून दिला. तिच्या वडिलांचं, जयवंतरावांचं, ज्येष्ठ नागरिक कार्ड करायचं निघालं, तेव्हा सुमेधाच म्हणाली, "बाबांना ते ओटीपीचं जमत नाही. तुमचाच नंबर टाका ना." त्याने टाकला.

आणि एका सकाळी केंद्राचं ऑनलाइन खातं उघडेना. दुपारी सरकारी खात्याचे साहेब आले. हातात सुमेधाचा अहवाल, खात्यानेच छापून घेतलेला. आत लिहिलं होतं, 'किनारपट्टीच्या एका गावात चालक सर्वांच्या अर्जात स्वतःचाच क्रमांक घालतो.' नाव कुठेच नाही.

"मग हा मीच कशावरून?" भूपेशने विचारलं.

साहेबांनी पहिलं पान उघडलं. ऋणनिर्देश. 'होळी येथील केंद्रचालक भूपेश यांनी मला महिनोन्महिने आपल्या केंद्रात बसू दिलं, त्याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार.'

"होळीत दुसरं केंद्र आहे का?" साहेब म्हणाले. मग त्यांनी भूपेशकडून लिहून घेतलं: यापुढे दुसऱ्याचा एकही ओटीपी हाताळणार नाही. हे पाळलं, तरच खातं परत सुरू करण्याचा विचार होईल.

दुसऱ्या दिवशी सुमेधा पेढे घेऊन आली. तिला काहीच माहीत नव्हतं. भूपेशने अहवाल तिच्यापुढे सरकवला तेव्हा तिचा चेहरा उतरला.

"दादा, मी आत तुमचं नाव कुठेच घेतलं नाही..."

"आणि पहिल्या पानावर?"

"ते आभार होते! तुम्हीच म्हणाला होतात ना!"

"म्हणालो होतो. ती चूक माझ्या नावे मांडा. पण शेवटच्या पानावर लिहिलंय, अशी केंद्रं तातडीने बंद करावीत. ते कोणाच्या नावे?"

तिने अहवाल उलटून शेवटचं पान काढलं. मग हळूच म्हणाली, "शिफारस तर द्यावीच लागते. सर्वसाधारण होती ती."

"आणि जयवंतकाकांचा अर्ज? तो कुठे सापडला नाही मला अहवालात. अख्खं गाव आहे, काका तेवढे नाहीत."

सुमेधाने मान खाली घातली. त्याला वाटलं, ती उलट ओरडली असती तर परवडलं असतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि पाठोपाठ तिचाही. "बाबा आहेत," ती चाचरत म्हणाली. "घरी बसून कार्डावरचा पत्ता बदलतायत. विचारतायत... आकडा आला का?"

भूपेशने पडद्याकडे पाहिलं. आला होता.

"नियमात बसत नाही, मॅडम."

"दादा, प्लीज. वेळ निघून जाईल."

कोपऱ्यात जिजाकाकू हयातीच्या दाखल्यासाठी सकाळपासून बसून होती. "दे ना रं," ती म्हणाली. "कोन परकी हाय का ती?"

"परकी असती तर दिला असता, काकू."

त्याने फोन टेबलावर पालथा घातला. नायगावहून पुन्हा फोन आला. सुमेधाने उचलला नाही. बाहेर भाजीचा टेम्पो मागे घेत कोणीतरी ओरडत होतं. त्याचा आवाज थांबला, तोवर आकड्याची वेळ संपून गेली होती.

मग भूपेशने पेढ्यांचा बॉक्स उघडून जिजाकाकूपुढे धरला.

"घे, काकू. मॅडम डॉक्टर झाल्या."